सोमवारी न येणारा निरोप

बेंगळुरूच्या जयनगरातलं ते वरच्या मजल्यावरचं घर मला मिळालं ते माझ्या चांगल्या चेहऱ्यामुळे नव्हे, आणि मी मराठी आहे म्हणूनही नव्हे. घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "कंप्युटर येतो, अल्वा?" हे 'अल्वा' म्हणजे कानडीतलं 'हो ना'. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधले बिघाड शोधायचं काम मी करत होते, तेव्हा "येतो" म्हणून मोकळी झाले. त्यांनी "सरी", म्हणजे ठीक, म्हणत मान डोलावली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. त्या एका 'येतो'ची शिक्षा मी त्या घरात होते तोवर भोगली.

त्यांचं वय ऐंशीच्या घरात, माझं त्याच्या निम्म्याहून कमी, तरी ते मला 'अक्का' म्हणत. आधी वाटलं थट्टा करतायत. मग कळलं की भाजीवालीपासून बँकेतल्या मॅनेजरबाईपर्यंत सगळी स्त्रीजात त्यांच्या लेखी अक्काच होती. मी त्यांना 'काका' म्हणून पाहिलं, तर ओ दिली नाही. 'अण्णा' म्हटल्यावर वळून पाहिलं. बरं, अण्णा तर अण्णा. जिन्याच्या तळाशी उभे राहून ते हाक मारत, "अक्का, स्वल्प खाली येता का?" हे 'स्वल्प' म्हणजे थोडंसं. अण्णांचं थोडंसं तासाभराच्या आत कधी संपलं नाही.

त्यांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. मी पुण्याची, म्हणजे त्यांच्या दृष्टीने 'नवी मराठी'. "तुम्ही मध्ये इंग्लिश फार घालता," असं ते मला ऐकवत आणि पुढच्याच दमात विचारत, "ऊट झालं का?" जेवणाला ऊट म्हणणाऱ्या माणसाने मला शुद्ध मराठी शिकवावी! पण तसं बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण त्यावरचं उत्तर ठरलेलं होतं. "आम्ही इथले, अक्का. तुम्ही कालच आलात."

नोकरी त्यांनी एका सरकारी कारखान्याच्या टाइम ऑफिसात केली. फाटकाशी बसायचं, कोण वेळेवर आला आणि कोण उशिरा याची नोंद ठेवायची, हे काम. निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण टाइम ऑफिस अंगातून गेलं नव्हतं. मी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून येई तेव्हा ते फाटकाला टेकून उभे असत, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत आणि फक्त "लेट" म्हणत. फ्लायओव्हर उतरल्यावर बस तासभर जागची हलली नाही, हे सांगून उपयोग नसे. "माणसाने काय काम केलं ते मागाहून. आधी आला का ते सांगा. हाजरी, अक्का, हाजरी!" मी त्यांची भाडेकरू होते, कामगार नव्हे, हे त्यांना पटवून द्यायचा नाद मी लवकरच सोडला.

कॉफी ते नेहमी 'बाय टू' पीत. म्हणजे एका कपाची दोन माणसांत वाटणी, बेंगळुरूच्या हॉटेलांतून करतात तशी. समोर कुणी नसलं तरी ते अर्धी कॉफी दुसऱ्या पेल्यात ओतून ठेवत आणि पहिली संपली की ती पीत. मी एकदा न राहवून विचारलं, सरळ एकाच पेल्यात का नाही घेत? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गुपचूप माझी अर्धी संपवली.

मुलगी कॅनडात. तिला ते 'पुट्टी' म्हणत, म्हणजे छोटी, आणि ती त्यांना 'अप्पा'. छोटी पन्नाशीला आली होती. आई गेल्यापासून एकट्या बापाची काळजी तिला कुरतडत होती आणि शहराबाहेर वृद्धांसाठी बांधलेल्या एका संकुलात तिने त्यांच्यासाठी जागाही बघून ठेवली होती. अण्णांना घर सोडायचं नव्हतं. फोनवरून बाप-लेकीचं भांडण किती महिने चाललं कोण जाणे. शेवटी दोघांत तह झाला आणि त्या तहाचं ओझं येऊन पडलं माझ्या डोक्यावर.

तह असा होता. पुट्टीने कॅनडात बसल्या बसल्या अण्णांच्या जुन्या कंप्युटरवर एक ॲप बसवलं. त्यात एजंट असतात. विम्याचे नव्हेत. एकदा सांगून ठेवलं की आपल्या वतीने निरोप धाडणारे, औषधं मागवणारे, बिलं भरणारे असे हे न दिसणारे नोकर. त्यांना काम नेमून द्यायचं, थांबवायचं, पुन्हा सुरू करायचं, हे सगळं त्या ॲपमधून. तर त्यातल्या एकाने रोज सकाळी आठला अण्णांना विचारायचं, बरे आहात का, कॉफी झाली का, आणि मिळेल ते उत्तर पुट्टीला कळवायचं. निरोप येत राहिला तर अण्णा आपल्या घरात. निरोप चुकायला लागला तर अण्णा संकुलात.

आणि निरोप चुकायला लागला.

पण त्याआधी अण्णांनी त्या एजंटांचं काय करून ठेवलं होतं ते सांगायला हवं. त्यांनी सगळ्यांना हुद्दे दिले होते. निरोप पाठवणारा चिटणीस, औषधं मागवणारा कंपाउंडर, दिवे आणि पाण्याची बिलं बघणारा लाइनमन. कंपाउंडरला रविवारी सुट्टी असे, त्यामुळे शनिवारी संपलेली रक्तदाबाची गोळी सोमवारपर्यंत येत नसे आणि ती आणायला मी धावे. चिटणिसाला मात्र रोजचं काम, म्हणून अण्णांना त्याची दया येई. प्रत्येकाला ते एका बोटाने टाइप करून अर्ज लिहावा तसं लिहीत, "आपण कृपा करून लाइट बिल भरण्याची कृपा करावी." मी म्हटलं, अण्णा, ते मशीन आहे, नुसतं 'बिल भर' म्हटलं तरी चालतं. ते म्हणाले, "कामावरच्या माणसाला अरे-तुरे करत नाही आम्ही." कंप्युटरवर बायकोने विणलेला क्रोशाचा रुमाल असे. तो काढून, नीट घडी करून मगच कामाला सुरुवात.

पहिल्यांदा पुट्टीचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात ब्रश होता. सोमवारची सकाळ. तिकडे रविवारची रात्र. "अगं, अप्पांचा मेसेज नाही आला! फोनही उचलत नाहीत. जरा बघतेस?" मी तशीच फेस गिळत खाली धावले. अण्णा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. फोन आत देवघरात वाजत होता. "काय झालं अक्का? घर पेटलं?" मी कंप्युटर बघून ऑफिसला पोचेपर्यंत निरोप आपोआप गेला होता. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सोमवारीही.

बरं, सोमवारपुरतं असतं तर एक वेळ समजलं असतं. बुधवारी ऐन जेवणाच्या वेळी लाइनमन ठप्प होई. शुक्रवारी दुपारच्या आधी कंपाउंडर. शनिवारी सकाळी सगळेच. थोड्या वेळाने आपले आपण सुरू. एका दिवसाची वेळ दुसऱ्या दिवसाशी जुळत नव्हती. माझा धंदाच बिघाड शोधायचा, आणि ज्या बिघाडाला काही रीत नाही तो माझी झोप खातो. अण्णांच्या घरापेक्षा हळूहळू माझ्याच अब्रूचा प्रश्न झाला.

मी ॲपच्या कंपनीकडे तक्रार केली. तिथे तक्रारी ऐकायलाही एजंटच. "आपली गैरसोय मी समजू शकतो," हे त्याचं पालुपद. ॲप बंद करून सुरू करा. केलं. नवी आवृत्ती घाला. घातली. ॲप काढून टाका आणि पुन्हा बसवा. बसवलं, आणि सगळ्या नोकरांना नव्याने हुद्दे देताना अण्णांनी माझा अख्खा रविवार खाल्ला. तुमचा कंप्युटर मधूनच झोपी जातो का पाहा. मी त्याची झोपच बंद केली. तुमचं इंटरनेट तपासा. मी वायफायचा डबा बदलला, इन्व्हर्टर जोडून दिला. तरी बुधवार आला की लाइनमन जेवायला गेल्यासारखा बसलेला. शेवटी ॲपने आतल्या आत ठेवलेल्या नोंदी पाठवून दिल्या, तर उत्तर आलं, "नोंदींनुसार काम वापरकर्त्याने स्वतः थांबवले आहे. आपली गैरसोय मी समजू शकतो." माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. वापरकर्ता ऐंशीचा आहे, त्याला माउस धरायला मी शिकवलंय, तो कशाला काही थांबवतोय, असं मी सणसणीत लिहून धाडलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर तक्रार बंद. कारण, 'ग्राहक समाधानी'. पुन्हा उघडली. पुन्हा बंद. चौकशी केली तेव्हा उजेड पडला. मी ऑफिसात असताना अण्णा त्या तक्रारवाल्या एजंटाशी गप्पा मारत होते. "आपली अडचण सुटली का?" या प्रश्नावर हो किंवा नाही एवढंच निवडायचं असताना त्यांनी खाली टाइप केलं होतं, "स्वल्प स्वल्प". आणि वर पाच तारे.

"पाच तारे कशाला दिलेत?" मी ओरडलेच.

"पोरगं दिवसभर माफी मागतं, अक्का. त्याच्या पोटावर पाय कशाला?"

"ते पोरगं नाही! तोपण एजंटच आहे!"

"मग तर जास्तच. त्याच्या बाजूने बोलणारं कोण आहे?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "गाव विचारलं मी त्याला. म्हणतो, मला गाव नाही. पापा, गावच नाही त्याला." कन्नडमधलं हे 'पापा' म्हणजे बिच्चारा. त्या दिवशी अण्णा खरोखर उदास होते. मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

इकडे पुट्टीचा धीर सुटत चालला होता. एका रविवारी तिने मला सरळ सांगितलं, "उद्या जर मेसेज चुकला तर मी त्या संकुलाचं पक्कं करते. मला दर आठवड्याला हे मरण नको." तिचं चुकत नव्हतं. समुद्रापलीकडे बसून बाप जिवंत आहे की नाही याचा विचार करत राहायचं, हे सोपं नाही. मी सोमवारी रजा टाकली आणि सकाळी सात वाजताच अण्णांच्या हॉलमध्ये कंप्युटरसमोर खुर्ची घेऊन बसले. आज हा बिघाड डोळ्यांनी बघणारच.

अण्णांनी बाय टू कॉफी आणली. मी पहिला घोट घेतला. साडेसात झाले तसे ते उठले, पंच्याला हात पुसले, क्रोशाचा रुमाल काढून घडी केली, माउस धरला आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेका एजंटावर जाऊन 'थांबवा' दाबलं. चिटणीस, कंपाउंडर, लाइनमन. हात इतका सराईत की मीही त्याहून सफाईने करणार नाही.

"हे काय करताय?"

"राहुकाळ लागला."

मी दोन वर्षं बेंगळुरूत राहत होते. राहुकाळ हा शब्द रिक्षावाल्यांच्या, शेजारणींच्या तोंडून शेकडो वेळा कानावरून गेला होता. दिवसातला दीड तास अशुभ. त्यात नवीन काही सुरू करायचं नाही. रोज वेगळी वेळ, सोमवारी साडेसात ते नऊ. इथल्या प्रत्येक घरातल्या कॅलेंडरवर ती वेळ छापलेली असते आणि अण्णांचं कॅलेंडर त्या कंप्युटरच्या बरोब्बर वर टांगलेलं होतं. त्याखाली बसून मी वायफायचा डबा बदलला होता.

"आणि इतके दिवस मी जे डोकं फोडतेय ते?"

"तुम्ही बिघाड शोधत होता. यात बिघाड कुठं आहे?"

"सगळं मधूनच थांबतं कसं, म्हणून मी जगाला विचारत होते!"

"कंपनीला विचारलं. मला कुठं विचारलं?"

हे खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले. म्हटलं, चालू असलेलं काम चालू द्यावं, ते कशाला थांबवायचं? तर म्हणाले, रोजचा निरोप रोज नवा. आणि 'मी बरा आहे' हे काय राहुकाळात कळवायचं? उगाच कुणाची नजर? मग म्हटलं, सोमवारपुरती वेळ साडेनऊ करू या. मान हलवली. "पुट्टीने आठ दिली आहे. एका माणसासाठी शिफ्टची वेळ बदलत नाहीत." मी हात जोडले आणि पुट्टीला फोन लावला. तिने ऐकून घेतलं आणि मग मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं.

"अगं, राहुकाळ आईचा. ती असताना अप्पांना घराबाहेर पडू द्यायची नाही, आणि अप्पा तिची टर उडवायचे. त्यांनी कधीपासून पाळायला सुरुवात केली?"

मी फोन ठेवून तेच अण्णांना विचारलं. ते रुमाल पुन्हा कंप्युटरवर पसरत होते. "ती होती तोवर ती बघत होती," म्हणाले. "आता कुणीतरी बघायला हवं, अल्वा?" मला त्यांचा इतका राग आला होता आणि तो राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

झालं. सोमवारचा निरोप नऊनंतर येणार, हे पुट्टीने मान्य केलं. पुन्हा घोळ नको म्हणून तोच निरोप माझ्याही फोनवर येईल अशी तिने व्यवस्था केली. तेव्हापासून रोज आठला माझा फोन वाजायचा. "अप्पा बरे आहेत. कॉफी झाली. फिरून आले." सोमवारी नऊ वाजून गेल्यावर. मी तक्रार कायमची बंद केली आणि रागारागाने एक तारा दिला.

पुढे थंडीतला एक सोमवार. मी ऑफिसला निघाले होते, पायात बूट, खांद्याला बॅग. दाराला कुलूप लावताना फोन वाजला. "अप्पा बरे आहेत. कॉफी झाली. फिरून आले." माझा पहिला विचार काय आला असेल? चला, म्हाताऱ्याने एकदाचा हट्ट सोडला! मी खूश होऊन चार पायऱ्या उतरलेसुद्धा. तेवढ्यात पुट्टीचा फोन.

"अगं, मेसेज आला!"

आवाज तोच. निरोप आला नाही की जो आवाज यायचा, तोच. मी घड्याळ पाहिलं. आठ वाजले होते आणि सोमवार होता. चिटणिसाला कुणी थांबवलंच नव्हतं.

पुढचं दार आतून बंद. बेल दाबली, दार बडवलं, काही नाही. घराच्या कडेच्या बोळातून मी मागे धावले. मागच्या अंगणात, नारळाखालच्या धुण्याच्या दगडाशेजारी अण्णा एका कुशीवर पडले होते. उजाडताना देवाला फुलं तोडायला गेले आणि शेवाळावरून घसरले. एक पाय भलताच वळला होता. ओठ सुकलेले, अंग गार, पण डोळे टक्क उघडे.

"अक्का, नऊ वाजले?"

"नाही हो, आठच वाजलेत!"

"मग आधी आत जा. ते थांबवा स्वल्प."

मी त्यांच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, आठवायचंही नाही. फोनवर पुट्टी रडत होती. अण्णांनी विचारलं, निरोप गेला का? "गेला!" मी म्हटलं. "बरे आहात म्हणे! कॉफी झाली म्हणे! फिरून आलात म्हणे! विचारलं कुणाला त्याने?"

"मीच सांगितलं होतं, रोज विचारू नको म्हणून," ते म्हणाले. "उत्तर तर रोज तेच. कशाला त्याला त्रास?"

म्हणजे इतके महिने चिटणीस कुणालाही न विचारता अण्णांची खुशाली कळवत होता. मंगळवार असता तर? निरोप वाचून मी बसमध्ये बसले असते, पुट्टी समाधानाने झोपली असती, आणि संध्याकाळी फाटकाशी मला कुणी 'लेट' म्हणालं नसतं.

रुग्णवाहिका बोलावली तर म्हातारा म्हणे, नऊ वाजू देत. राहुकाळात घराबाहेर पाय ठेवायचा नाही. "तुमचा पाय मोडलाय अण्णा! तो कुठेच ठेवायचा नाहीये तुम्हाला!" मी कांबळं आणून अंगावर घातलं, डोक्याखाली उशी दिली, पाण्याने ओठ ओले केले, आणि हे सगळं करताना तोंडाने अखंड शिव्या चालू होत्या. एरवी ज्या ट्रॅफिकला मी रोज शाप देते त्याने त्या दिवशी अण्णांची बाजू घेतली. रुग्णवाहिका आली तेव्हा नऊ वाजून गेले होते. स्ट्रेचरवर घेतल्यावर अण्णांनी मोठ्या कष्टाने मनगट वर केलं, घड्याळ पाहिलं आणि त्या दोन माणसांना म्हणाले, "लेट." पण चेहऱ्यावर समाधान होतं. मला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात मी रडायला लागले.

खुब्याचं ऑपरेशन झालं. पुट्टी आली. चार दिवस ती नुसती त्यांच्या उशाशी बसून होती. पाचव्या दिवशी म्हणाली, "अप्पा, आता संकुल." मला वाटलं आता जुंपणार. पण अण्णांनी तोंड भिंतीकडे केलं. मी त्या माणसाला दोन वर्षांत एकदाही भांडण सोडताना पाहिलं नव्हतं, आणि ते मला बघवेना.

त्यांच्यामुळे जिचा जीव सगळ्यात जास्त मेटाकुटीला आला ती मी, आणि त्यांच्या बाजूने भांडले तीही मीच. पुट्टीला बाहेर नेऊन म्हटलं, "ताई, तुम्हाला कॅनडात बसून कळलं कसं? ॲप तर छान चालू होतं. रोज एकच गोष्ट अण्णा स्वतःच्या हाताने करत होते, ती एक दिवस झाली नाही म्हणून तुम्हाला कळलं. मग तीच रोजची करू या." ॲपमध्ये तशी सोय होती. माणसाने स्वतः मंजुरी दिल्याशिवाय एजंटाने काही पाठवायचं नाही. इतके दिवस स्क्रीनवरची त्या सोयीची खूण मी कितीदा बघितली असेल, पण उपयोग सुचला नव्हता. पुट्टीने खूप प्रश्न विचारले. मग घरात राहायला एक बाई बघितली, मागच्या अंगणात फरशी घातली, आणि सहा महिने बघू म्हणाली.

घरी आल्यावर अण्णा वॉकर घेऊन कंप्युटरपर्यंत गेले. रुमालाची घडी केली. मी समजावलं, आता चिटणीस आपल्या मनाने काही लिहिणार नाही, रोज तुम्ही दाबायचं.

"म्हणजे हाजरी मी लावायची?"

"हो."

"मग हे एवढं लांबलचक कशाला?" असं म्हणून त्यांनी एका बोटाने तो सगळा मजकूर पुसला. कॉफी गेली, फिरणं गेलं. बरे आहेत तेही गेलं. त्या जागी एकच शब्द टाइप केला. "हाजर."

मी आता पुण्याला परत आले आहे. सहा महिने कधीच होऊन गेले, संकुलाचं नाव पुन्हा निघालं नाही. निरोपाची माझ्याकडे येणारी प्रत बंद करायचं कुणाला सुचलं नाही आणि मीही आठवण केली नाही. रोज आठला तो शब्द येतो. सोमवारी आठला येत नाही. मी राहुकाळ मानत नाही, पण सोमवारी त्या दीड तासात मी नवीन काही सुरू करत नाही. कॉफी घेऊन फोनसमोर बसते, आणि तो वाजू नये म्हणून वाट बघते. ऑफिसातले वैतागतात. वैतागू देत.

मागच्या सोमवारी नऊ वाजले, सव्वानऊ वाजले, साडेनऊ होत आले, तरी निरोप नाही. शेवटी मीच फोन लावला. किती तरी वेळ वाजत राहिला आणि मग उचलला गेला. मागे पेल्यातून पेल्यात कॉफी ओतल्याचा आवाज येत होता.

"लेट," मी म्हणाले.

"स्वल्प," अण्णा म्हणाले.